यादीतून वगळलेली बाई

नवापूरच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा मला वाटलं होतं की तीन वर्षांत बदली होईल. मी लातूरकडचा. बायकोही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, पण तिकडेच. दरवर्षी बदलीचे अर्ज ऑनलाइन भरायचे, दरवर्षी यादी लागायची आणि दरवर्षी माझ्या आधीच्या कुणाचा तरी नंबर लागायचा. असं करता करता अकरा वर्षं गेली. मुलगी दहावीला गेली. तिची उंची मी सुट्टीगणिक मोजली.

मी बोईसरला एका खोलीत राहायचो. आजूबाजूला कारखान्यांत काम करणारे लोक होते. बहुतेक उत्तरेकडचे, काही जळगाव-धुळ्याचे. पाळीवरून कुणी यायचं, कुणी निघायचं, त्यामुळे चाळीत कायम कुणीतरी झोपलेलं असायचं आणि मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. सकाळी रिक्षात पाच-सहा जणांत बसून मी नवापूरला जायचो आणि संध्याकाळी तसाच परत यायचो. शाळेत दिवसभर बोलून घसा बसायचा. खोलीवर आल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकही शब्द तोंडातून निघायचा नाही, असे कितीतरी दिवस गेले.

मतदार यादीचं काम माझ्याकडे आलं ते लोकसभेच्या निवडणुकीआधीच्या पावसाळ्यानंतर. आधीच्या बाईंची बदली झाली आणि नवापूरच्या दोन आळ्यांचा भाग माझ्या नावे लागला. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचा अधिकारी, काय करतो ते सगळ्या शिक्षकांना माहीत असतं. घरोघर जायचं, कोण नवीन आलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण वारलं ते लिहायचं आणि कागद तहसीलला नेऊन द्यायचे. आमचे मुख्याध्यापक पालघर तालुक्यातलेच, निवृत्तीला आलेले. त्यांनी मला पहिल्या दिवशी जुनी यादी समोर ठेवून हा मतदारसंघ समजावून सांगितला.

"सर, हा आधी डहाणूच्या नावानं होता. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात. मग नाव पालघर झालं, नंतर जिल्हाही वेगळा झाला. जागा पहिल्यापासून आदिवासींसाठी राखीव. ती का राखीव आहे ते तुम्ही एकदा डोंगरात जव्हारकडं जाऊन बघा, म्हणजे कळेल. पण इथल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार म्हणतात, आमच्यातला कुणी उभाच राहू शकत नाही, मग आमचं कोण बोलणार. आणि डोंगरातले म्हणतात, रस्ता, शाळा, वीज सगळं आधी किनाऱ्याला आणि रेल्वेच्या कडेला मिळालं, आम्हाला निदान खासदार तरी असू द्या. दोघंही खोटं बोलत नाहीत."

"आणि बोईसर?" मी विचारलं.

"बोईसरची गंमत वेगळी. राहतात खूप, मतं त्या मानानं कमी. निम्म्यांची नावं गावाकडं. निकाल ठरतो खाली, वसई-नालासोपाऱ्याकडं. तिकडं एकेका इमारतीत आपल्या एकेका आळीएवढी माणसं."

माझंही नाव गावाकडेच होतं. बदली होईल म्हणून मी ते कधी हलवलं नव्हतं, आणि निवडणुकीच्या दिवशी नेहमी इथं ड्यूटीवर असल्यानं तिकडं मतही दिलं नव्हतं. टपालानं मत देता येतं, पण त्याचा अर्ज भरायचा दर वेळी राहून जायचा.

त्या वर्षी घरोघर फिरायचं काम मी दिवाळीच्या तोंडावर उरकायला घेतलं. लातूरचं रिझर्वेशन झालेलं होतं. शेवटच्या दिवशी पाच-सहा घरं उरली होती. त्यांतल्या एका घराला कुलूप होतं. घर लहान, कौलारू. पुढे मासळी वाळवायच्या बांबूच्या आडव्या दांड्या होत्या, पण त्यांच्यावर बोंबील नव्हते. यादीत त्या घरात एकच नाव होतं, एका बाईचं, वय पंचाहत्तरच्या पुढं.

शेजारच्या अंगणात एक म्हातारी बोंबील उलटे करत होती. मी तिला विचारलं, "या घरातल्या आजी कुठं आहेत?"

ती म्हणाली, "म्हातारी गेली."

"कधी?"

"झाला म्हयना."

ती आणखी काहीतरी बोलत होती. मी वही उघडून लिहायला लागलो होतो. मयत असल्याचा पंचनामा तयार केला, तिला सांगितलं, "इथं सही करा." तिनं तीन अक्षरं जोडून सही केली. रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसाची दुसरी सही घेतली. नियमाप्रमाणे एक नोटीस बंद दारावर चिकटवली. समुद्राच्या वाऱ्यात ती किती दिवस टिकली असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी कागद तहसीलला दिले आणि संध्याकाळच्या गाडीनं गावी गेलो.

मतदान मे महिन्यात होतं. शाळेतच केंद्र. मी बाहेर व्हरांड्यात टेबल टाकून बसलो होतो. यादी समोर, चिठ्ठ्या समोर. लोकांना अनुक्रमांक शोधून द्यायचं काम. ऊन मरणाचं होतं. सकाळी गर्दी झाली ती बायकांची. केसांत फुलं माळून, ठेवणीतली लुगडी नेसून बायका येत होत्या. त्यांच्यात एक बारीक, ताठ चालणारी म्हातारी माझ्या टेबलापाशी आली आणि तिनं जुनं, कडा झिजलेलं मतदार कार्ड पुढं ठेवलं.

मी नाव शोधलं. नावावर आडवा शिक्का होता, वगळल्याचा.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी पान उलटून परत मागं आलो. घर क्रमांक बघितला. मग कळलं, हे ते कुलूप लावलेलं घर.

"काय झालं, गुरुजी?"

"आजी, तुमचं नाव कमी झालंय."

"कमी म्हंजे?"

मागं उभ्या असलेल्या कुणीतरी वाकून यादीत बघितलं आणि सांगितलं, "मेलेल्यांत घातलंय तुला."

तिनं कार्ड परत माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "मी तर हाय."

मी आत जाऊन केंद्राध्यक्षांना विचारलं. ते कुठल्याशा कॉलेजात शिकवणारे, सज्जन होते. ते म्हणाले, "यादीत नसेल तर मी काय करू? नाव वगळलेलं आहे. मतदान करू देताच येणार नाही." ते खरंच होतं. मी बाहेर येऊन तिला सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. शाळेच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. "बसते मी हितं. बोलावलं तर येईन," एवढंच बोलली.

ती दुपारपर्यंत बसली, आणि दुपारनंतरही. येणारेजाणारे तिच्याशी थट्टा करत होते. कुणीतरी तिला सरबत आणून दिलं. मग गावातला एक कार्यकर्ता आला. चहाची टपरी चालवायचा, किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवणच्या बंदराच्या विरोधात पुढं असायचा आणि निवडणुकीत एका उमेदवाराचं काम करत होता. फाटकाबाहेर उभा राहून तो मोठ्यानं बोलू लागला की आपल्या बाजूच्या लोकांची नावं ठरवून कापली जातायत, जिवंत माणसं मारली जातायत. विरुद्ध बाजूची पोरं उलट बोलायला लागली. पोलिसांनी दोन्हीकडच्यांना पांगवलं.

मी टेबलावर बसून होतो. त्या क्षणी उठून दोन वाक्यं बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. नाव कुणी कापलं नाही, माझ्याकडून चूक झाली, एवढंच. मी चिठ्ठ्या शोधत राहिलो. सहा वाजता केंद्राचं दार बंद झालं तेव्हा ती उठली, लुगड्याची माती झटकली आणि घरी गेली.

दोन दिवसांनी त्या कार्यकर्त्यानं पंचनाम्याची प्रत कुठून तरी मिळवली आणि टपरीवर वाचून दाखवली. त्यावर शेजारणीची सही होती. शेजारणीचा मुलगा दुसऱ्या पक्षाचं काम करायचा. गावाला तेवढं पुरलं. पंचनाम्याखाली माझीही सही होती, पण त्या सहीबद्दल कुणी बोललं नाही. "गुरुजी सरकारी माणूस. सांगितलं ते लिहिलं," असं तो कार्यकर्ता म्हणाल्याचं मला मुख्याध्यापकांकडून कळलं. तोवर मी सुट्टीला गावी निघालो होतो.

घरी पोचल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "चूक झाली. परत गेल्यावर फॉर्म भरून नाव घाल," असं म्हणाली आणि मग मुलीच्या क्लासचं विचारू लागली. बरोबरच बोलली ती. पण मला आणखी काहीतरी बोलायचं होतं आणि ते कसं सुरू करावं ते कळेना. इतकी वर्षं आम्ही फोनवर तेवढंच बोलत आलो होतो जेवढं फोनवर मावतं. समोरासमोर बसल्यावरही त्यापलीकडं जायची सवय राहिली नव्हती. निकाल लागला त्या दिवशी मी टीव्हीवर पालघरचे आकडे बघत बसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, आपला मतदारसंघ हा नाही ना?" मी चॅनल बदललं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मी नाव नोंदवायचा, नमुना सहाचा कोरा अर्ज घेऊन तिच्या घरी गेलो. होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती.

"आजी, मी शाळेतला गुरुजी. यादीचं काम माझ्याकडं आहे."

"वळखते. त्या दिवशी टेबलावर तुमीच होते."

"तुमचं नाव मीच कमी केलं."

तिचे हात थांबले नाहीत. "तुमी?"

"हो."

"मंग तिनं काय केलं?" तिनं हनुवटीनं शेजारचं घर दाखवलं.

"तिनं फक्त सांगितलं, म्हातारी गेली. कुठं गेली ते मी विचारलं नाही. मयत लिहिलं. सही कसली आहे तेही वाचून दाखवलं नाही."

आता तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मासवणला होते लेकीकडं. लेकीचा पाय मोडला होता. सा म्हयने राहिले." थोडं थांबून म्हणाली, "एका साली लग्न करून आलो आमी दोघी या गावात. मतदानापासून बोलत नाय तिच्याशी. मला वाटलं, घराच्या जागेवर डोळा हाय तिचा."

मला अर्ज पुढं करायचं सुचेना. तीच म्हणाली, "तो कागद आनलाय तो भरा."

भरता भरता मी विचारलं, तुम्ही दिवसभर का बसून राहिलात. तिनं सरळ उत्तर दिलं. नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही, त्याला आता खूप वर्षं झाली. सासरचं माणूस कुणी उरलं नाही. गावात तिला सगळे म्हातारी म्हणतात नाहीतर लेकीच्या नावानं आई म्हणतात. मनोरच्या बाजारात मासळी विकायची तेव्हा मावशी म्हणायचे. "मतदानाला गेलं का तो मानूस माझं नाव पुरं वाचतो. माझं, नवऱ्याचं, आडनाव. मोठ्यानं. सगळे आयकतात," ती म्हणाली. एकदा गावानं मतदानावर बहिष्कार टाकला होता, तेव्हाही ती एकटी गेली होती. शाळेत साहेब आणि पोलीस सोडून कुणीच नव्हतं. "गावानं आठ दिस तोंड फिरवलं. पन मी गेलेले."

"कुणाला मत दिलं होतं?" मी उगाच विचारलं.

"ते नाय सांगत," ती म्हणाली आणि पहिल्यांदा थोडी हसली.

अर्जावर तिनं अंगठा केला. मी निघालो तर तिनं थांबवलं. "हे मला सांगून काय उपेग? तिला बोलवा."

मी शेजारच्या अंगणाशी जाऊन हाक मारली. शेजारीण बाहेर आली, पण कुंपणाच्या अलीकडं आली नाही. मी तिथंच उभा राहून दोघींच्या समोर सगळं परत सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि तिचा चेहरा लाल होत होता.

"मी बोलत होते, लेकीकडं गेली, पाय मोडलाय तिचा. तुमी आयकलं कुठं? तुमी लिवायला लागले," ती म्हणाली. "माझ्या पोराला गावानं काय काय बोललं. मला पान्यावर कोन बोलत नाय. आनी तुमी हितं दोघींत येऊन सांगता. टपरीवर सांगितलं का?"

मी नाही म्हणालो.

"मंग जा," ती म्हणाली आणि आत गेली.

त्याच दिवशी मी टपरीवर गेलो. कार्यकर्ता ग्लास विसळत होता. त्यानं माझं सगळं ऐकलं आणि मला चहा दिला. "गुरुजी, आता कशाला? निकाल लागून गेला. तुम्ही सांगितलं तर माझंच हसं होईल," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. समुद्र आणि मासळी याबद्दल तो जे बोलायचा ते मला पटायचं. पण एकदा सांगून टाकलेली गोष्ट परत घ्यायला त्याला जागा नव्हती.

मग मी तहसीलला लेखी खुलासा नेऊन दिला. नायब तहसीलदारांनी वाचला आणि परत माझ्याकडं सरकवला. "नवीन अर्ज आलाय ना त्यांचा? नाव येईल. हे कशाला वाढवता?" ते म्हणाले. मी कागद उचलला नाही. त्यांनी तो एका फायलीत घातला. त्याचं पुढं काही झालं नाही. मला शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं, असं तेव्हा परतीच्या रिक्षात वाटत होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. मी हात वर केला. शिक्षक ग्रामसभेत बोलत नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय घडलं ते सांगितलं. कुणी नाव कापायला सांगितलं नव्हतं, शेजारणीनं खोटी साक्ष दिली नव्हती, ऐकण्यात आणि लिहिण्यात माझी चूक झाली आणि मतदानाच्या दिवशी कळूनही मी गप्प बसलो. बोलून झाल्यावर एकदोघांनी माना हलवल्या, मागं कुणीतरी हसलं. सरपंच म्हणाले, "बरं, बरं. गुरुजींनी सांगितलं ते चांगलं केलं. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा."

कार्यकर्ता मधेच उठून गेला. त्यानंतर तो मला नमस्कार करत नसे.

त्या दोघी सभेत होत्या, दोन वेगळ्या कोपऱ्यांत. सभा सुटल्यावर शेजारीण पुढं निघाली आणि ही तिच्या मागं आठ-दहा पावलांवर. वळणापर्यंत ते अंतर तेवढंच होतं. पुढचं मला दिसलं नाही. पण पुढच्या महिन्यात त्या आळीत गेलो तर दोघी एकाच ओट्यावर बसून जाळ्याचा गुंता सोडवत होत्या. मी दिसताच त्यांचं बोलणं थांबलं. मी नवीन कार्ड आल्याचं सांगून ते पुढं केलं. आजीनं ते घेतलं, उलटसुलट बघितलं आणि पदरात ठेवलं. "बसा" असं कुणी म्हणालं नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि पुढच्या घरी गेलो. मागं त्यांचं बोलणं परत सुरू झालं, हसण्याचाही आवाज आला.

नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं. दोघी बरोबर आल्या, बरोबर रांगेत उभ्या राहिल्या. मी दोघींना चिठ्ठ्या काढून दिल्या. त्या दिवशी आणखी कुणाच्या नावावर माझ्या हातून शिक्का पडलेला निघू नये म्हणून मी आधीच्या पंधरा दिवसांत प्रत्येक मयत नावाच्या घरी स्वतः जाऊन आलो होतो. सगळे खरेच वारलेले होते. त्यांच्या घरच्यांनी मला पाणी दिलं, पण दिवस घातल्यावर परत का विचारायला आलात, असं त्यांच्या नजरेत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. बदलीच्या यादीत नाव बघून मी खोलीतलं सामान बांधायला घेतलं. चाळीतला एक कामगार दाराशी आला, "मास्टरजी, सुना है घर जा रहे हो," म्हणाला. मी हो म्हणालो. त्याला माझं नाव माहीत नव्हतं, मला त्याचं. सहा वर्षं शेजारी होतो.

शाळेचा चार्ज दिल्यावर मी त्या आळीत एक चक्कर मारली. दोघी अंगणात बोंबील उलटे करत होत्या, एकीकडून एक आणि दुसरीकडून दुसरी. मी म्हणालो, "आजी, बदली झाली माझी. उद्या निघतो."

"बरं झालं. घरच्यांत जाल," ती म्हणाली. शेजारणीनं वर बघितलं नाही.

मी तिथं उभाच होतो. दांडीवर आणखी दोन ओळी उलट्या करायच्या होत्या. त्या करत त्या पलीकडच्या टोकाला गेल्या. रस्त्यावर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. बोईसरला जाणारे चार जण आधीच बसले होते आणि पुढं ड्रायव्हरच्या शेजारी एकाची जागा होती.